औषध आधी, आजार नंतर: स्वादुपिंडदाहावरच्या एका प्राणी-प्रयोगाचं प्रकरण

नाशिकमधल्या एका फार्मसी कॉलेजच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे एम. फार्म.च्या एका विद्यार्थिनीचा प्रस्ताव आला होता. विषय: द्राक्षबियांच्या अर्काचा तीव्र स्वादुपिंडदाहावर (पॅनक्रिआटायटिसवर) उपचार म्हणून होणारा परिणाम, विस्टार रॅटमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एका जातीच्या मोठ्या उंदरांत. मी त्या समितीवर बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ सदस्य आहे. कॉलेज, विद्यार्थिनी आणि मार्गदर्शक यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बाकी वाद जसा झाला तसा मांडतो, कारण असे प्रस्ताव राज्यभरातल्या कॉलेजांत दरवर्षी येतात आणि बहुतेक ठिकाणी ते विनाचर्चा मंजूर होतात.

द्राक्षबियाच का, हे नाशिककरांना सांगायला नको. दिंडोरी-निफाड पट्ट्यात वाइनसाठी द्राक्षं गाळली की साली-बियांचा चोथा ढिगाने उरतो. बियांमध्ये प्रोअँथोसायनिडिन गटातली, ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं भरपूर असतात. टाकाऊ चोथ्यातून औषध निघालं तर शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतील, असं विद्यार्थिनीने प्रस्तावनेत लिहिलं होतं. स्वादुपिंडदाहाच्या कारणांत पित्ताच्या खड्यांच्या बरोबरीने दारूचं नाव येतं, तेव्हा वाइनरीच्या उकिरड्यावर त्याचा उतारा शोधण्यात एक गंमतही आहे. पण कल्पना टाकाऊ नव्हती.

आजाराबद्दल थोडं. स्वादुपिंड पचनाचे विकर (एन्झाइम) बनवतं आणि ते सुप्त अवस्थेत आतड्याकडे पाठवतं. काही कारणाने ट्रिप्सिनसारखे विकर पेशीच्या आतच जागे झाले, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाने हे 1896 मध्ये मांडलं होतं. बहुतेक रुग्ण आठवडाभरात सावरतात. 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण 48 तासांहून जास्त काळ निकामी राहिलं तर आजार 'तीव्र' धरतात, आणि या गटात मृत्यूचं प्रमाण मोठं आहे. या आजाराला थेट थांबवेल असं एकही सिद्ध औषध आजही नाही. सलाइन, वेदनाशामक, लवकर अन्न सुरू करणं आणि बिघडलेल्या अवयवांना आधार देणं, एवढंच हाती असतं. म्हणून संशोधनाची गरज खरी आहे आणि प्राण्यांवर प्रयोग करायचं कारणही खरं आहे. हे मान्य करूनच आम्ही प्रस्ताव वाचायला घेतला.

कागदावरची योजना

पाच गट, प्रत्येकात सहा रॅट, एकूण 30. पहिला गट निरोगी. दुसऱ्यात फक्त आजार. तिसऱ्या आणि चौथ्यात आजार अधिक अर्क, कमी आणि जास्त मात्रेत. पाचव्यात आजार अधिक 'प्रमाण औषध', म्हणजे ऑक्ट्रिओटाइड. अर्क सात दिवस रोज तोंडावाटे नळीने द्यायचा, सातव्या दिवशी एल-आर्जिनिन या अमिनो आम्लाची इंजेक्शनं देऊन आजार घडवायचा, 72 तासांनी प्राणी मारून रक्त आणि ग्रंथी तपासायची.

'प्रमाण औषध' हा रकाना अशा प्रबंधांच्या साच्यात ठरलेलाच असतो. ज्या आजाराला प्रमाण औषधच नाही, तिथे तो भरायचा कशाने? ऑक्ट्रिओटाइड माणसांत वापरून झालं आहे. 1999 साली जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या 302 रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. माणसांत हरलेल्या औषधाशी बरोबरी साधून काय सिद्ध होणार होतं, याचं उत्तर मार्गदर्शकांकडे नव्हतं. 'परीक्षक विचारतात', एवढंच ते म्हणाले. तो गट पहिल्याच अर्ध्या तासात गळला आणि सहा उंदीर वाचले.

नमुना कुठला घ्यावा

नमुना म्हणजे प्राण्यात आजार घडवण्याची पद्धत. तिच्यावर वाद झाला नाही, पण निवड समजून घेण्यासारखी आहे. सगळ्यात जास्त वापरला जाणारा नमुना सेरुलीनचा. ऑस्ट्रेलियातल्या एका हिरव्या झाडबेडकाच्या कातडीत सापडलेलं हे पेप्टाइड स्वादुपिंडाला अतोनात चेतवतं. दर तासाला एक अशी सात ते बारा इंजेक्शनं द्यावी लागतात. रॅटमध्ये त्याने ग्रंथीला सूज येते आणि ती आपोआप ओसरते. शीर्षकात 'तीव्र' लिहून सेरुलीन वापरणारे प्रबंध मी पाहिले आहेत. आपोआप बरा होणारा आजार कुठल्याही औषधाने बरा होतो.

दुसरा नमुना पित्त-स्वादुपिंड नलिकेत सोडियम टॉरोकोलेट हा पित्तातला क्षार उलट दिशेने सोडण्याचा. तो खरोखर भयंकर असतो आणि पित्ताच्या खड्यांमुळे होणाऱ्या आजाराच्या जवळ जातो. पण त्याला पोट उघडावं लागतं, आणि किती दाबाने, किती वेगाने द्रव सोडला यावर निकाल हेलकावे खातो. (रॅटला पित्ताशयच नसतं. माउसला असतं. खड्यांच्या आजाराचा नमुना पित्ताशय नसलेल्या प्राण्यात बसवतात, हे विद्यार्थ्यांना सांगितलं की ते आधी हसतात आणि मग वहीत लिहून घेतात.) तिसरा नमुना कोलीन नसलेल्या, एथिओनीन घातलेल्या आहाराचा. तो कोवळ्या वयाच्या मादी माउसमध्येच नीट चालतो.

उरतं आर्जिनिन. रॅटमध्ये शरीरवजनाच्या दर 100 ग्रॅममागे 250 मिलिग्रॅम, तासाच्या अंतराने दोनदा, पोटाच्या पोकळीत. शस्त्रक्रिया नाही, ग्रंथीत पेशी खरोखर मरतात आणि 72 तासांच्या सुमारास हा नाश टोकाला जातो. माणसाला आजार अशा रीतीने होत नाही, हा दोष उरतोच. आमच्या पशुवैद्य सदस्यांनी मात्र एक अट घातली: द्रावणाचा सामू (pH) सातच्या आसपास आणल्याशिवाय इंजेक्शन नाही. नुसतं आर्जिनिन चांगलंच अल्कधर्मी असतं आणि त्याचं हायड्रोक्लोराइड आम्लाकडे झुकतं. एवढ्या मात्रेत ते तसंच टोचलं तर प्राणी सामू बिघडल्याने दगावेल आणि प्रबंधात नोंद होईल स्वादुपिंडदाहाची.

वेळ

खरा पेच सात दिवस आधीपासून द्यायच्या अर्काचा होता.

सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या रुग्णाचा विचार करा. संध्याकाळी जेवणानंतर पोटात कळ येते, पाठीत जाते, उलट्या होतात. गावातले डॉक्टर ॲसिडिटीचं इंजेक्शन देतात. रात्र तशीच जाते. सकाळी गाडी ठरवून तालुक्याला, तिथून नाशिकला, मग रक्ततपासणी, सोनोग्राफी. निदान कागदावर येईपर्यंत एक दिवस सहज उलटलेला असतो. तोवर विकर जागे होऊन त्यांचं पहिलं काम उरकलेलं असतं, आणि दाहाची लाट ग्रंथीबाहेर पडून फुप्फुसापर्यंत पोचलेली असते. या माणसाने आठवडाभर आधी रोज द्राक्षबियांचा अर्क घेतलेला नसतो.

आधी दिलेला अर्क काय करतो? तो पहिली ठिणगी पडतानाच रक्तात हजर असतो. ऑक्सिडीकरण रोखणारं जवळपास कुठलंही द्रव्य या पद्धतीने दिलं तर आर्जिनिनचा मारा थोडा बोथट होईल असा माझा अंदाज आहे, कारण या नमुन्यात ऑक्सिडीकरणाचा ताण हा इजेचा मोठा भाग आहे. म्हणजे उत्तर आधीच बांधून घेतलेलं. त्याला 'उपचारात्मक परिणाम' म्हणायला माझा विरोध होता आणि तो मी लेखी दिला.

हा वाद नुसता शब्दांचा नाही. नेदरलँड्समधल्या 15 रुग्णालयांत 298 रुग्णांवर प्रोबायोटिक्सची चाचणी झाली, निकाल 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. कल्पना सुंदर होती: आतड्यातले चांगले जंतू वाढवले तर वाईट जंतू सडलेल्या ग्रंथीत शिरणार नाहीत. तेच मिश्रण रॅटमध्ये गुणकारी ठरलं होतं. पण रॅटना ते आजार घडवण्याच्या काही दिवस आधीपासून दिलं होतं. माणसांना ते लक्षणं सुरू झाल्यानंतर, 72 तासांच्या आत, नाकातून आतड्यापर्यंत सोडलेल्या नळीतून मिळालं. प्रोबायोटिक गटात 16% रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात 6%. प्रोबायोटिक गटातल्या नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला, दुसऱ्या गटात एकाच्याही नाही. आधीच रक्त कमी पोचणाऱ्या आतड्यात कोट्यवधी जंतू ओतणं म्हणजे काय, हा प्रश्न निरोगी आतड्याच्या रॅटने कधी विचारलाच नव्हता.

लेक्सिपाफँटची गोष्ट कमी भीषण पण तितकीच बोलकी आहे. प्राण्यांत आशा दाखवणारं हे औषध ब्रिटनमधल्या 290 रुग्णांत, 2001 साली, अवयव निकामी होणं रोखू शकलं नाही. कित्येक रुग्णांचे अवयव दाखल होतानाच बिघडायला लागले होते. औषध उशिरा पोचलं होतं, आणि रुग्णालयात औषध नेहमी उशिराच पोचतं.

मार्गदर्शकांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे नोंदवतो. आजार पूर्ण जमल्यावर, 24 तासांनी अर्क दिला तर बहुधा काहीच फरक दिसणार नाही. नकारात्मक निकाल छापायला नियतकालिकं नाखूश असतात. मुलीचं दुसरं वर्ष संपत आलं आहे, तिला प्रबंध सादर करायचा आहे. यातलं काहीही खोटं नाही. पण 'औषध चालणार नाही अशी भीती आहे, म्हणून ते चालेल अशा वेळी देऊ' हे कारण प्राण्यांच्या परवानगीच्या अर्जात बसत नाही. अर्ज-ब मध्ये प्राण्याला होणाऱ्या वेदनेच्या मोबदल्यात मिळणारं ज्ञान मांडायचं असतं.

मग त्यांनी एक मुद्दा काढला, आणि तो बिनतोड होता. एका प्रसंगी स्वादुपिंडदाह कधी होणार याची तारीख आधी माहीत असते: ईआरसीपी. पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीने काढताना काही रुग्णांना हा दाह होतो. तिथे औषध आधी किंवा लगेच देता येतं. 2012 च्या अमेरिकी चाचणीत, जास्त धोका असलेल्या 602 रुग्णांत, प्रक्रियेनंतर लगेच गुदमार्गाने दिलेल्या इंडोमेथासिनने हे प्रमाण 16.9% वरून 9.2% वर आणलं. मग आधी दिलेला अर्क निरर्थक कसा?

निरर्थक नाहीच. पण तो दुसरा प्रश्न आहे. त्याला 'प्रतिबंध' म्हणावं लागेल, आणि त्यासाठी आर्जिनिन चुकीचा नमुना आहे. ईआरसीपीत इजा नलिकेतून, दाबाने होते, तेव्हा तिथे नलिकेत द्रव सोडण्याचा नमुनाच हवा. शिवाय अर्क सात दिवस द्यायची गरज नाही. प्रक्रियेच्या आदल्या रात्री देऊन काय होतं ते पाहावं लागेल. एका प्रस्तावात दोन प्रश्न कोंबले होते आणि दोन्ही अर्धवट होते. विद्यार्थिनीला विचारलं, तुला यातला कुठला हवा? ती म्हणाली, "सर, उपचाराचा. नाहीतर मी शीर्षकच का लिहिलं?" तिच्या मार्गदर्शकांना हे उत्तर फारसं आवडलं नाही, असं चेहऱ्यावरून वाटलं.

मेलेले उंदीर कुठल्या रकान्यात

समितीवर एक विज्ञानाबाहेरचे, समाजातले सदस्य असावे लागतात. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांनी निकालाचा कोरा तक्ता उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हे सहा लिहिलेत. 72 तासांच्या आत दोन मेले तर? सरासरी चाराची काढणार की सहाची?"

प्रस्तावात याचा उल्लेख नव्हता. नेहमीची पद्धत अशी की मेलेले वगळून उरलेल्यांच्या ग्रंथींचे काप तपासायचे. पण मरतात ते सगळ्यात आजारी प्राणी. आजाराच्या गटातून ते गळले की त्या गटाची सरासरी सुधारते आणि औषधाचा फायदा कमी दिसतो. औषधाच्या गटातून गळले तर औषध आहे त्याहून चांगलं दिसतं. दोन्हीकडे हिशेब खोटा. त्यामुळे दोन गोष्टी ठरल्या. एक, मरेपर्यंत वाट पाहायची नाही. पाठ वाकवून एका कोपऱ्यात बसणं, हलवलं तरी न उठणं, अंग गार पडणं, डोळ्यांभोवती तांबूस स्राव साचणं (रक्तासारखा दिसतो, पण तो अश्रुग्रंथीजवळच्या हार्डेरियन ग्रंथीतून येतो), अशा खुणांना गुण द्यायचे आणि ठरलेली पातळी ओलांडली की प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा. दोन, अशा प्राण्याची ग्रंथीही तपासायची आणि जगण्याच्या हिशेबात त्याला मृत धरायचं. कोणी वगळला जाणार नाही.

वेदनाशामकावर थोडी ओढाताण झाली. 'वेदनाशामक दिलं तर दाहावर परिणाम होईल' हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असतं. शंका पूर्ण पोकळ नाही. 2018 मध्ये माउसवर झालेल्या अभ्यासात मॉर्फिनने स्वादुपिंडदाह वाढवला होता. पण माणसांना या आजारात वेदनाशामक मिळतंच. सगळ्या गटांना, निरोगी गटालाही, एकच वेदनाशामक एकाच मात्रेत दिलं तर तुलना बिघडत नाही. पशुवैद्यांनी ब्युप्रेनॉर्फिन सुचवलं. ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येत असल्याने परवान्याची कागदपत्रं लागतात, आणि माझ्या अनुभवात विरोधाचं निम्मं कारण हेच असतं.

सलाइनचंही तसंच. रुग्णाला पहिल्या तासापासून रिंगर लॅक्टेट मिळतं. रॅटच्या 'फक्त आजार' गटाला काहीच मिळणार नव्हतं. मग अर्काची तुलना कशाशी? कुठल्याच देखभालीशिवाय टाकलेल्या प्राण्याशी. नळीने दिलेल्या अर्कासोबत जाणारं पाणीसुद्धा अशा तहानलेल्या प्राण्याला तारू शकतं. आता प्रत्येक गटाला कातडीखाली कोमट रिंगर लॅक्टेट द्यायचं ठरलं, तेही मापात. 2022 मधल्या चाचणीत भरमसाट सलाइन दिलेल्या रुग्णांपैकी 20.5% जणांच्या शरीरात पाणी साचलं, मापात दिलेल्यांत 6.3% जणांच्या. सुरक्षिततेसाठी ती चाचणी वेळेआधी थांबवावी लागली होती.

अमायलेजचा सापळा

प्रस्तावात मुख्य मोजमाप रक्तातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या पेशी बनवतात ते एक विकर, हे होतं, 72 तासांनी. आर्जिनिनच्या नमुन्यात अमायलेज पहिल्या दिवसाच्या सुमारास चढतं आणि ग्रंथीतला नाश टोकाला पोचेपर्यंत खाली येतं, कारण ते बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. 72 तासांना अमायलेज नॉर्मल म्हणून अर्क गुणकारी, असा निष्कर्ष कोणीही भाबडेपणाने काढू शकेल. त्यात रॅटचं अमायलेज निरोगी अवस्थेतही माणसाच्या कित्येक पट असतं. शहरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुना पाठवला तर छापील मर्यादेनुसार प्रत्येक निरोगी उंदीर आजारी निघेल. तुलना फक्त आपल्याच निरोगी गटाशी करायची.

मुख्य मोजमाप बदलून ग्रंथीच्या कापातला पेशीनाश केलं. सोबत फुप्फुसाचे काप, कारण तीव्र आजारात माणसं बहुधा तिथे हरतात. काप वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला कुठली काच कुठल्या गटाची हे कळणार नाही. अमायलेज 24 तासांना एकदाच, शेपटीतून घेतलेल्या थोड्या रक्तात पाहायचं, आजार खरोखर जमला का एवढ्यासाठी. त्यानंतरच अर्काचा पहिला डोस.

डोसबद्दल फार बोललो नाही, एक गणित तेवढं केलं. जास्त मात्रा किलोमागे 300 मिलिग्रॅम होती. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने रॅटची मात्रा सहाने गुणून 37 ने भागली की माणसाची येते: किलोमागे सुमारे 49 मिलिग्रॅम, 60 किलोच्या माणसाला जवळपास तीन ग्रॅम. उलट्या होणाऱ्या, आतडं मंदावलेल्या रुग्णाला एवढा अर्क नळीतून देणं अवघड असलं तरी अशक्य नाही. मात्रा राहू दिली.

अर्काचा कच्चा माल मात्र कोणी तपासलाच नव्हता. चोथा एका वाइनरीतून फुकट आणला होता. कुठल्या जातीची द्राक्षं, कुठल्या हंगामातली, कशाची नोंद नाही. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीपासून बागेवर किती फवारण्या होतात हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि सेंद्रिय द्रावकाने अर्क काढताना त्यांचे अवशेषही सोबत येऊ शकतात. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत स्वादुपिंडदाह झाल्याच्या नोंदी आहेत. ज्या आजारावर औषध शोधतोय त्याचंच कारण बाटलीत भरून द्यायचं नसेल, तर अवशेषांचा रिपोर्ट आधी हवा. या मुद्द्यावर मार्गदर्शक सगळ्यात आधी हो म्हणाले. त्यांच्या घरी बाग आहे.

मंजुरी

शेवटी चार गट राहिले: निरोगी, आजार, आजार अधिक कमी मात्रा, आजार अधिक जास्त मात्रा. सर्वांना सारखं रिंगर लॅक्टेट आणि सारखं वेदनाशामक, आणि अर्क आजार घडवल्यावर 24 तासांनी. एकूण प्राणी वजा गटांची संख्या 10 ते 20 मध्ये यावी असा एक ढोबळ नियम लहान प्रयोगांत वापरतात. आधीची संख्या त्यात 25 येत होती, आता 24 वजा 4, बरोबर 20. मंजुरी दोन टप्प्यांत दिली. पहिल्यात मोजकेच रॅट, तेही अर्काशिवाय, फक्त आजाराचा नमुना या प्राणीगृहात नीट बसतो का हे पाहायला. त्यांच्या कापांत पेशीनाश दिसला आणि अवशेषांचा रिपोर्ट स्वच्छ आला, तर उरलेले प्राणी मिळतील. प्रतिबंधाचा प्रश्न मार्गदर्शकांनी स्वतःच्या नावाने वेगळा मांडायचं ठरवलं आहे. त्यासाठी नलिकेत कॅन्युला (बारीक नळी) बसवायला शिकावं लागेल, आणि ते शिकवणारा माणूस त्यांना अजून शोधायचा आहे.